बेजुबानाचा हक

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत त्यांनी रौप्यपदक मिळवले. घोड्यावर चढायला-उतरायला मात्र माणूस लागे. घोडेस्वारीकडे उपचार म्हणून पाहण्याला त्यानंतर मोठा जोर आला. आज ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांनाही घोड्यावर बसवतात.

यात जादूटोणा नाही. घोडा चालू लागला की स्वाराची कंबर पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे हलते. जवळजवळ आपण चालताना हलते तशीच. ज्या मुलाला तोल सावरणे जड जाते, त्याच्या अंगाला तिथे सावरण्याचा सराव होतो. अमेरिकेत कोलोरॅडो येथे १२७ मुलांचा दहा आठवडे अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घोड्यावर बसलेल्या मुलांची चिडचिड कमी झाली, बोलण्यातले शब्द वाढले. ऑटिझम गेला असे त्यात कुणी म्हटलेले नाही. तसे सांगून पैसे घेणाऱ्यापासून आईबापांनी चार हात लांबच राहावे.

पण आम्हाला प्रश्न पडतो तो घोड्याचा. मूल अचानक किंचाळते, एका बाजूला कलते, आयाळ ओढते. घोड्याने सारे सोसायचे. म्हणून मुद्दाम शांत घोडा निवडतात. शांत म्हणजे राजी, असे धरायचे का? वर्गात गप्प बसलेले मूल समजले म्हणून गप्प आहे की थकून, हे आम्हा शिक्षकांना रोज ओळखावे लागते. घोडा तर बेजुबान! कान मागे पाडले, शेपटी सारखी झटकली, तर ते त्याचे 'नको' असू शकते.

कुराणातील आदियात या सूरेची सुरुवात धावत्या घोड्यांच्या शपथेने होते. आणि जनावर उभे करून त्याच्या पाठीवर गप्पा झोडत बसायला हदीसमध्ये मनाई आहे. पाठ कामासाठी मिळाली आहे, बैठकीसाठी नाही.

कुणी म्हणेल, मुलाचे भले मोठे की घोड्याची मर्जी? सवाल असा मांडणेच आम्हाला पटत नाही. मूल आणि जनावर एक नव्हे, हे कबूल. पण ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याचा नकारही चेहऱ्यावरून, हातांवरूनच वाचावा लागतो. घोड्याचे मागे पडलेले कान ज्याला दिसत नाहीत, त्याला मुलाने कानांवर दाबून धरलेले हात तरी दिसतील का?

मूल बसायला तयार नसेल तर त्याने खरारा करावा, चारा घालावा. घोडाच तयार नसेल तर त्या दिवशी स्वारी नाही. फी परत मागणारे पालक भेटतीलच, ती देऊन टाकावी.