भरल्या ताटावरून

निवृत्त माणसाला एखादा छंद असावा, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे मुख्यतः त्याची बायको. छंद घराबाहेरचा असला तर फारच उत्तम. मी बँकेतून निवृत्त झालो आणि तिसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. हिंगासाठी तासभर शोधाशोध झाल्यावर आमच्या हिने भाच्याचा जुना कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "जरा बाहेरचं जग बघा." मोठमोठे कलावंत आतल्या ओढीने कलेकडे वळतात, मला बाहेरून ढकललेलं आहे.

पहिले दोन महिने मी गॅलरीतून कावळ्यांचे फोटो काढले. कावळा हा त्या कामाला अत्यंत वाईट पक्षी. तो मान वाकडी करून अशा नजरेने बघतो, की आपल्याच हिशेबात काहीतरी चूक सापडली आहे असं वाटावं. डिसेंबर आला तेव्हा समोरच्या ब्लॉकमधल्या शेजाऱ्यांना माझी दया आली आणि त्यांनी मला भिगवणला न्यायचं ठरवलं.

हे शेजारी या क्षेत्रातले जुने जाणते. त्यांची लेन्स दुधाच्या किटलीएवढी आहे. तिची खरी किंमत त्यांच्या बायकोला अजून कळलेली नाही आणि त्यांच्या सुखी संसाराचा पाया तोच आहे. पहाटे तीनला निघायचं होतं. मी माळ्यावरची माकडटोपी काढली. तिला डांबराच्या गोळ्यांचा असा काही वास येत होता, की शेजारी गाडीची काच खाली करत म्हणाले, "हिमालय ओलांडून आलेत हो बिचारे. या वासाने परत जायचे."

भिगवण पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि त्याचं पाणी मागे पसरत इथवर आलं. काठाला उथळ पाणी आणि चिखल, म्हणजे पक्ष्यांच्या दृष्टीने उत्तम खानावळ. थंडी पडली की गिऱ्हाईक येऊ लागतं. पट्टकदंब नावाचे हंस तर मध्य आशियातून, तिबेटातून हिमालय ओलांडून येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून माग काढला, तेव्हा सात हजार मीटरच्याही वर त्यांच्या नोंदी झाल्या. मी आमच्या इमारतीचे तीन जिने चढताना दोनदा थांबतो. पण भिगवणचं खरं आकर्षण म्हणजे रोहित. फ्लेमिंगो म्हटलं की लोकांना चटकन कळतं. अग्निपंख हे त्याचं आणखी एक नाव. सगळा घोटाळा त्या नावाने केला.

आम्ही होडीत बसलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. पाण्यावर धुकं होतं आणि माझ्या बोटांना कॅमेरा धरलाय की बर्फाची लादी, हे समजत नव्हतं. नावाडी तिशीचा, बोलका होता. बांबू पाण्यात रोवून होडी पुढे रेटता रेटता म्हणाला, "आता आपण हाये न्हवं, हितं खाली आमच्या आज्याची जुंधळ्याची पट्टी हुती." मी उगाच वाकून खाली बघितलं. पाणीच होतं. आजोबांच्या ज्वारीवरून आम्ही सहली करत चाललो होतो. गप्प बसणं बरं, म्हणून मी गप्प बसलो.

धुकं जरा विरलं आणि समोर थवा दिसला. दोन-अडीचशे तरी असतील. सगळ्यांच्या माना खाली, चोची पाण्यात. रोहित खातो तेही उलटं डोकं करून. चोच उपडी बुडवायची, जिभेच्या पंपाने पाणी आत ओढून बाहेर टाकायचं आणि चोचीतल्या गाळणीत जे बारीकसारीक कीटक, शेवाळ अडकेल ते गिळायचं. चहाची गाळणी तोंडातच घेऊन जन्माला आलेला दुसरा थोर जीव मला माहीत नाही. त्यातही एकमेकांशी कुजबुज चाललेली. हुबेहूब पंगत. फक्त वाढपी दिसत नव्हते.

एक मात्र खरं सांगतो. माझी निराशा झाली. अग्निपंख म्हणावं असं त्यात काही दिसेना. लांबून बघताना धोब्याने दोरीवर टाकलेले पांढरे सदरे दिसावेत, फार तर कुणाचा तरी लाल रुमाल त्यांच्यात धुतला गेल्यामुळे किंचित गुलाबी झालेले. या पक्ष्याचा लाल रंग मिटलेल्या पंखांत असतो. पंख उघडले की लाल आणि काळा असा पट्टा फडकतो. म्हणजे नावाप्रमाणे दिसायचं तर त्याने उडायला हवं. आणि तो उडत नव्हता. जेवत होता.

शेजाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. सूर्य वर आला होता आणि उजेड सोन्यासारखा होता. असा उजेड वीसच मिनिटं टिकतो, असं ते म्हणाले. तेव्हा नावाड्याने विचारलं, "उडवू का, सायेब?"

दुकानदाराने 'बांधून देऊ का?' विचारावं, इतकं ते साधं होतं. शेजारी माझ्याकडे वळले. "तुमची पहिलीच खेप. तुम्ही म्हणाल तसं."

महत्त्वाचे निर्णय माझ्यावर सोपवायची आयुष्यात कुणाला सवय नाही. बँकेत ते साहेब घेत आणि घरी ही घेते. दोनशे पक्ष्यांच्या न्याहारीचा प्रश्न मात्र थेट माझ्यापुढे आला. मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कागदावर सही न करता काम होऊ देण्याची कला अवगत असते.

नावाड्याने बांबू पाण्यावर आपटला. दोनशे माना एकदम वर झाल्या. मग ते पाण्यावरून धावू लागले. या पक्ष्याला उडायच्या आधी धावावं लागतं, एसटी चुकत असलेल्या माणसासारखं. आणि मग पंख उघडले. काय सांगू! कुणी आभाळात एकदम गुलालाची मूठ उधळावी तसं झालं. मी बटण दाबून धरलं होतं. कॅमेरा आपला कडकडकड फोटो घेत होता. खूप सुंदर होतं ते. अडचण तीच आहे. वाईट काम दिसायलाही वाईट असतं, तर जगात नीतीचे प्रश्नच उरले नसते.

थवा लांब जाऊन उतरला. माना पुन्हा खाली गेल्या. तिकडे दुसरी होडी होती. तिच्यातल्या साहेबांनाही उजेड सोन्यासारखा वाटत असावा. परत फिरेपर्यंत मी चार उड्डाणं मोजली.

माझ्या एकशे सदुसष्ट फोटोंपैकी एक खरोखर उत्तम आला. भाच्याने तो मोठा करून, चौकट लावून दिला आणि आता तो आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर आहे. मोबाइलवरून नातेवाइकांना पाठवला, तर त्रेचाळीस अंगठे आले. माझ्या साठीच्या समारंभालाही एवढी माणसं नव्हती. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काय टायमिंग साधलंत हो!" मी विनयाने मान खाली घालतो. टायमिंग बांबूचं होतं, हे मी सांगत नाही.

एका रात्री जेवताना मात्र सांगून बसलो. ही पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"म्हणजे? भरल्या ताटावरून उठवलंत त्यांना?"

बस्स, एवढंच. पुढची पोळी तिने तव्यावर टाकली. पण माझा घास तोंडातच फिरायला लागला. आपल्याकडे भरल्या ताटावरून माणसाला उठवणं यासारखं पातक नाही. माझ्या आजोबांच्या काळी सावकाराचा माणूस वसुलीला यायचा, तोसुद्धा आतली पानं उठेपर्यंत ओसरीवर थांबायचा. आणि दर डिसेंबरात वर्तमानपत्र वाचून आपण म्हणतो, 'परदेशी पाहुणे आले!' पाहुणे कसले! जेवताना बांबू आपटून उठवतो त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांकडे गेलो. मन खात असलं की दुसऱ्याचं मत घ्यावं. तेही त्याच होडीत असलेल्याचं. त्यांनी तीन मुद्दे मांडले. पहिला, एकदा उडाल्याने कोण मरतं? मला चार उड्डाणं आठवली. जो तो एकदाच उडवतो. पक्षी मात्र सगळ्यांचं मिळून उडतो. थंडीत इथे यायचं ते पोट भरायला, अंगावर चार तोळे चढवायला. ते पुढच्या प्रवासाला आणि विणीला लागतात. आम्ही त्या शिल्लकेतून रोज थोडी थोडी उचल करतो. बँकेतल्या माणसाला हे इतरांनी समजावून द्यावं लागू नये.

दुसरा मुद्दा वजनदार होता. "पूर्वीचे लोक बंदुकीने मारायचे. अहो, खुद्द सलीम अलींनी बंदूक चालवली!" हे खरं आहे. त्यांनी अभ्यासासाठी पक्षी टिपले, नमुने जमवले. पण त्यातून १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं आणि त्याच्या आधाराने पुढच्या पिढ्या पक्षी न मारता ओळखायला शिकल्या. माझ्या बांबूतून त्रेचाळीस अंगठे आले.

तिसरा मुद्दा मांडताना शेजाऱ्यांचा आवाज हळवा झाला. "आपलं पक्ष्यांवर प्रेम आहे हो." असेल. पण गालगुच्चा घेणाऱ्या पाहुण्यांचंही मुलांवर प्रेमच असतं. मुलं काय म्हणतात, हे कुणी विचारत नाही.

मग मी रोहितावर थोडं वाचलं. वाचायला नको होतं. या पक्ष्याचा लाल रंग जन्माचा नसतो. पिल्लू करडं असतं. रंग येतो तो खाण्यातून. त्या बारीकसारीक कीटकांत आणि शेवाळात जे रंगद्रव्य असतं, ते पिसांत उतरतं. म्हणजे ज्या लालीसाठी मी त्यांना ताटावरून उठवलं, ती त्या ताटातूनच आली होती.

फेब्रुवारीत मी एकटाच एसटीने गेलो. तोच नावाडी भेटला. होडीत बसायच्या आधीच मी ठरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि वर चहापाण्याचे शंभर. "दादा, आज उडवायचे नाहीत. उडाले नाहीत तरी पैसे तुमचेच."

त्याने नोटा मोजल्या आणि माझ्याकडे जरा नीट पाहिलं. "न उडवल्यालंच बरं असतंय, सायेब. सारखं उडवल्यावर एक दिवस येनारच न्हाईत, आमच्याच पोटावर पाय. पन फोटू न्हाई गावला, की मान्सं पैसं देताना तोंड वाकडं करत्यात."

मला वाटत होतं, की बांबू त्याच्या हातात आहे. तो आमच्या हातात होता. खालचं रान त्याच्या आज्याचं. म्हणजे पंगत त्याच्या अंगणात. यजमान तो. आणि चार पैशांसाठी यजमानाकडूनच आम्ही पाहुणे उठवत होतो. एवढा विचार करून मी काही फार मोठा झालो नाही. शंभर रुपयांत तेवढं होत नाही.

आम्ही लांब थांबलो. दोन तास बसलो. थवा जेवत राहिला. मध्ये मी डबा काढला. नावाड्याला पोळीभाजी दिली, त्याने मला भाकरी आणि ठेचा दिला. पाण्यावर दोन पंगती चालल्या होत्या आणि कुणी कुणाला उठवत नव्हतं. रोहित काही उडाले नाहीत.

त्या दिवसाचा फोटो मी टेबलावर ठेवला आहे. धोब्याच्या दोरीचाच आहे. सोफ्यावरचा मोठा मात्र अजून तिथेच आहे. रोज काढायचं म्हणतो, पण हात होत नाही. इतका चांगला फोटो पुन्हा यायचा नाही, हेही मनाला माहीत आहे.

परवा शेजारी आले. त्यांनी टेबलावरचा फोटो उचलला, चष्मा वर करून पाहिला आणि कीव आल्यासारखे म्हणाले, "हे काय? एकही उडत नाही?"

मी काही बोलायच्या आत ही आतून चहा घेऊन आली.

"जेवत होते ते," ती म्हणाली.