चार लोक आणि पाचवा

'चार लोक काय म्हणतील?' या प्रश्नावर आपला अर्धा समाज चालतो, आणि उरलेला अर्धा त्या चार लोकांत मोडतो. हे चार लोक नेमके कोण, ते मात्र मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. लहानपणी वाटायचं, आळीच्या तोंडाशी कुठेतरी त्यांचं बिऱ्हाड असावं. मोठ्याने हसू नको, दारात बसून खाऊ नको, पोरांबरोबर पतंग उडवू नको. सगळीकडे तेच हजर. पुढे लग्नातले मानपान त्यांच्यासाठी, बारशाचे पेढे त्यांच्यासाठी, आणि नवरा गेल्यावर टिकली लावावी की नाही, याचा निकालही त्यांच्याकडेच. गंमत म्हणजे ऐन पाहुणे आलेले असताना गॅस संपला, तर सिलिंडर हलवायला यातला एकही येत नाही.

म्हणून सदुसष्टाव्या वर्षी एकटीनेच व्हिएन्नाला जायचं ठरवलं, तेव्हा राजवाडे आणि संगीत वगैरे कारणं मी लोकांना सांगितली. खरं कारण वेगळं होतं. तिथे हे चौघे नसणार होते. त्यांना व्हिसा मिळण्याचा संभव नव्हता.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला वळवला की तो अदृश्य होतो. मग तो काय करतो? राणीला फितवतो, राजाला मारतो आणि गादीवर बसतो. कोणी बघणारच नसेल, तर माणसाने चांगलं कशाला वागावं, असा या गोष्टीतला सवाल. तत्त्वज्ञ त्यावर दोन हजारांहून अधिक वर्षं घोळ घालताहेत. माझं म्हणणं, अंगठीची गरजच नाही. साठी उलटलेल्या बाईने परक्या शहराच्या रस्त्यावर नुसतं उभं राहावं. दुकानाच्या काचेतून पाहावं तशी माणसं तिच्यातून आरपार पाहतात.

माझा पहिला दिवस रविवारचा निघाला. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. त्यामुळे खरेदीचा मोह टळला आणि नीतीचे प्रश्न तेवढे उरले. पहिला प्रश्न भुयारी रेल्वेच्या स्टेशनातच उभा राहिला. १९७८ साली सुरू झालेल्या या रेल्वेला फाटकच नाही. सरळ जिना उतरायचा आणि गाडीत बसायचं. आपल्या मेट्रोत तिकीट दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणजे तिथे माझा प्रामाणिकपणा ते दारच सांभाळतं. इथे माझा मला सांभाळायचा होता. मी तिकीट घेतलं. पण का घेतलं? तिथे साध्या कपड्यांतले तपासनीस अवचित उगवतात. त्यांच्या टोप्या केव्हाच गेल्या, तरी गावकरी त्यांना अजून 'काळ्या टोपीवाले' म्हणतात. दंड शंभर युरोंच्या वर. तेव्हा माझं पुण्य किती आणि युरोंची धास्ती किती, हा हिशेब काही लागेना.

बाहेर आले तर खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत रविवारची वर्तमानपत्रं टांगलेली आणि शेजारी पैसे टाकायची डबी. पहारेकरी कोणी नाही. मी पेपर उचलला नाही. पण मला जर्मन येत नाही, हे लक्षात घेतलं तर तो प्रामाणिकपणा दात नसलेल्याने चणे सोडावेत त्या जातीचा होता.

पुढे सिग्नल. रस्त्यावर एक गाडी नाही, तरी पाच-सहा माणसं लाल दिव्यापुढे गप्प उभी. दिव्यातही नेहमीचा एकटा माणूस नव्हता. जोडपं होतं, आणि सोबत एक बदाम. २०१५ पासून व्हिएन्नात काही ठिकाणी असे दिवे आहेत. कुठे बाई-पुरुष, कुठे दोघी बायका, कुठे दोघे पुरुष. माझ्या वाट्याला दोघी आल्या. आमचे चार लोक ते बघून आधी लाल झाले असते, मग हिरवे.

दुपारी ऑपेराजवळच्या एका कॉफीघरात शिरले. काळ्या कोटातल्या वेटरने चांदीसारख्या तबकात कॉफी आणि पाण्याचा पेला आणून ठेवला. एका कपावर दोन तास बसलं तरी तिथे कोणी बिल आणून आपटत नाही. पुण्यात एवढा वेळ एकटी बसले असते, तर 'काय काकू, घरी काही झालं का?' अशी चौकशी झाली असती. मी क्रीम घातलेला केक मागवला आणि सगळा खाल्ला. आणि खरं सांगते, तेव्हा त्या चौघांची आठवण झाली. एवढा सुंदर केक, आणि 'या वयात शोभतं का?' म्हणायला कोणी नाही! मजा निम्मी झाली. तेव्हा वाटलं, हे चौघे दिसतात तितके वाईट नाहीत. त्यांच्या धाकामुळेच तर आपण नीट वागतो.

हा विचार जेमतेम दोनशे पावलं टिकला.

ऑपेराच्या मागे अल्बर्टिना संग्रहालयाच्या समोर एक चौक आहे. तिथे आल्फ्रेड हर्डलिच्का या शिल्पकाराने १९८८ साली एक स्मारक उभारलं. त्यात एक म्हातारा माणूस गुडघ्यांवर वाकून रस्ता घासतो आहे. हा ज्यू. मार्च १९३८मध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं, आणि व्हिएन्नातल्या ज्यूंना घराबाहेर ओढून, हातात ब्रश देऊन, फरशीवरच्या घोषणा घासायला लावलं गेलं. भोवती लोक जमले होते. हसत होते. त्याचे फोटो आहेत. पुतळा इतका ठेंगणा आहे, की दमलेले प्रवासी त्याच्या पाठीवर टेकू लागले. म्हणून पाठीवर काटेरी तार घातली आहे. माझेही गुडघे तेव्हा बसायला जागा शोधत होते. मी उभी राहिले.

त्या दिवशी तिथे चारच काय, चारशे लोक बघत असतील. प्लेटोची अंगठी कोणाच्याच बोटात नव्हती. सगळे सगळ्यांना दिसत होते. शेजारी शेजाऱ्याला नावाने ओळखत होता. लाल दिव्यापुढे शहाण्यासारखी उभी राहणारी हीच माणसं. आणि त्या गर्दीत ज्याला हसू येत नसेल, त्याच्याच मनात प्रश्न आला असेल: चार लोक काय म्हणतील?

आपल्याकडे 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात. मी जन्मभर चारच मोजत आले. पाचवं तोंड कोणाचं, हे कधी विचारलं नाही. ते आपलं स्वतःचं असावं. चौघांचं ऐकून घ्यावं. ते पुष्कळदा बरोबरही असतात. पण पाचव्याने तोंड उघडेपर्यंत निकाल लागला असं धरू नये. अडचण एवढीच, की चौघांच्या गलक्यात त्याचा आवाज घरी ऐकू येत नाही. दिवसभर कोणी नावाने हाक मारणार नाही अशा गावात तो जरा स्पष्ट येतो.

माझा पाचवा काही फार थोर निघाला नाही. केकच्या बाबतीत तो मवाळ आहे आणि दंडाला भितो. पण त्या चौकात त्याने मला एक विचारलं: तू असतीस तर हसली असतीस, मान फिरवून गेली असतीस, की खाली बसून दुसरा ब्रश हातात घेतला असतास?

उत्तर अजून देता आलेलं नाही. आणि हा प्रश्न चार लोकांना विचारण्यात अर्थ नाही.