पुढच्या शिफ्टच्या माणसासाठी

गेल्या वर्षी मी एका ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन लिहायला घेतलं. फाइल एन्क्रिप्ट करणारं छोटंसं टूल. पगार नाही, मॅनेजर नाही. डहाणू लोकलमध्ये बोईसरपर्यंत बसायला जागा मिळाली की लिहायचं. पहिल्याच पानाच्या शेवटी मी लिहिलं, 'आता तुमची फाइल सुरक्षित आहे.'

वाक्य छान होतं, खरं नव्हतं. टूल फाइलची एन्क्रिप्टेड प्रत बनवत होतं आणि मूळ फाइल तिथेच राहत होती. माझं पान वाचून कुणी निर्धास्तपणे लॅपटॉप दुरुस्तीला दिला असता तर?

चूक कळल्यावर पहिला विचार आला तो असा: मी तर फुकट करतोय. कायदाही माझ्याच बाजूने. ओपन सोर्सच्या बहुतेक परवान्यांत लिहिलेलं असतं की वस्तू जशी आहे तशी दिली आहे, हमी कसलीच नाही. आपल्याकडे म्हणही आहे: धर्माची गाय, दात का गं नाय? पण ही म्हण घेणाऱ्यासाठी आहे. गाय लाथ मारते, हे देणाऱ्याने सांगायलाच हवं.

न सांगण्याची किंमत मोठी असते. 2006 मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या एका स्वयंसेवकाने ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी बंद केल्या. मेमरी तपासणारं टूल त्यांच्याबद्दल तक्रार करत होतं. त्याने आधी विचारलंही होतं, कुणी अडवलं नाही. त्यातल्या एका ओळीवर चाव्यांचा बेभरवसेपणा अवलंबून होता, आणि ती ओळ कशासाठी आहे हे तिच्या शेजारी लिहिलेलं नव्हतं. मग चावी बनवताना बदलणारी गोष्ट जवळपास एकच उरली: प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे ठरावीक लांबीच्या चावीचे जेमतेम 32 हजार प्रकार, साध्या संगणकावरही एकेक करून तपासता येतील इतके. हे जगाला कळलं मे 2008 मध्ये. तोवर उबुंटू वापरणाऱ्यांच्या चाव्याही तशाच बनत होत्या.

या गोष्टीत वाईट हेतू कुणाचाच नाही. म्हणूनच ती मला जास्त अस्वस्थ करते.

माझे बाबा तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर आहेत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात कलम 41-ब आलं: कारखान्यातला धोका कामगारांना आणि आसपासच्या लोकांना सांगणं मालकावर बंधनकारक. बाबांना कलम पाठ नाही. त्यांना लॉगबुक ठाऊक आहे. मी माझं पान दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "चालू काय आहे ते पुढच्या शिफ्टवाल्याला दिसतंच रे. बंद काय ठेवलंय आणि का, ते लिहायचं असतं."

यावर एक आक्षेप रास्त आहे. फुकट काम करणाऱ्यावर एवढं ओझं टाकलं तर लिहायला येणार कोण? काहीच नसण्यापेक्षा अर्धं पान बरं, असं इतर ठिकाणी मीही म्हणेन. सुरक्षेच्या बाबतीत मात्र पान नसलं तर माणूस निदान जपून वागतो. चुकीचं पान त्याची तीही सावधगिरी काढून घेतं.

आणि ओझं वाटतं तेवढं नाही. सगळं माहीत असण्याची सक्ती कुणी करत नाही. जे तपासलं नाही ते तपासल्यासारखं लिहायचं नाही, एवढंच. वेळ दिला नाही म्हणून मला कुणी दोष देऊ शकत नाही. पण वेळ दिला आणि वाचणाऱ्याने विश्वास ठेवला, की ते नातं फुकटचं राहत नाही.

मी वाक्य बदललं: 'मूळ फाइल तिथेच राहते. ती पुसण्याचं काम हे टूल करत नाही. हे फक्त लिनक्सवर तपासलं आहे.' पान आधीपेक्षा रुक्ष झालं. बाबांना पुन्हा दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "तारीख कुठाय?"

तारीख टाकली. खाली टूलची आवृत्तीही.