श्राद्ध सोडले, मग पूर्वजाचा शोध कशासाठी?



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारणारी आहे. दीक्षा घेताना तुम्हीही ती उच्चारली आणि घरातील पितरांचे पान बंद केले. योग्यच केले. मेलेला माणूस कावळ्याच्या चोचीने जेवत नाही. परंतु पान बंद झाले त्या दिवशी घरातील एखाद्या म्हातारीने विचारले असेल, "बापा, पान नोको मांडू, पण त्यायचं नाव तरी कोन घेईन?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

समजा, वर्धा जिल्ह्यातील आष्टी गावचे एक कुटुंब आहे. आजीकडून ऐकलेले एवढेच, की तिच्या आजेसासऱ्याचा थोरला भाऊ मोठ्या दुष्काळात बायको-पोरे टाकून गेला, तो परत आलाच नाही. कोणी म्हणे नागपूरच्या गिरणीत लागला, कोणी म्हणे नदीपलीकडे वऱ्हाडात गेला. १८९९-१९०० चा दुष्काळ मध्यप्रांतात फार मोठा होता आणि नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून सुरू होती. तेव्हा दोन्ही गोष्टी संभवतात. घरातील शिकलेला मुलगा म्हणतो, त्याचा शोध घेऊ. बाप म्हणतो, "श्राद्ध सोडले, आता हे नवे खूळ कशाला?" या दोघांत बरोबर कोण?

आधी शोध कसा होतो ते पाहू. जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, मुलांसाठी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमीन असेल तर बंदोबस्ताचे कागद, ही मुख्य साधने होत. आष्टी इंग्रजी अमदानीत आर्वी तहसिलीत होती, म्हणून केवळ आष्टीत विचारून भागत नाही. आणि माणूस वर्धा नदी ओलांडून गेला असेल तर तो वऱ्हाडात गेला. १९०३ पर्यंत त्या मुलखाचा कारभार मध्यप्रांताहून वेगळा होता, तेव्हा कागदही तिकडचेच पाहावे लागतात.

कागद हाती आला तरी माणूस सहज ओळखू येत नाही. आडनाव बहुधा नसते. 'अमका वल्द तमका, जात महार' एवढेच असते. बाई असेल तर 'जौजे अमका', म्हणजे अमक्याची बायको. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावही नसते. नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेले असते. नावे पाहाल तर उकंड्या, कचऱ्या, धोंड्या. यांतील काही नावे आधीची पोरे गेली म्हणून, निदान हे तरी जगावे या आशेने आईने ठेवलेली असत; पण धोंडबाचा धोंड्या पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या लेखणीने केला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या मुलखात गावकोतवालाचे काम पुष्कळ ठिकाणी महाराकडेच असे. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाच्या घरून तिरडी निघाली, ही साऱ्या गावाची खबर ठाण्यापर्यंत पायी नेणारा आपलाच आजा-पणजा होता. गावाची आठवण त्याने वाहिली, लेखणी मात्र दुसऱ्याच्या हाती राहिली. आष्टीतच पाहा. मोगल काळातील जहागीरदार मोहम्मद खान नियाझी याची कबर घुमटासह उभी आहे. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावात पडलेल्या हुतात्म्यांना गाव दरवर्षी मान देते, आणि तो दिलाच पाहिजे. पण ज्याने गावाच्या वेशीवर जन्मभर रात्री जागून काढल्या, त्याच्या नावाचा एक धोंडाही नाही.

हे दुःख केवळ आपले नाही. अमेरिकेत १८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांची वय, लिंग आणि रंग एवढीच नोंद झाली. बहुतेकांपुढे नाव नाही, मालकाचे मात्र आहे. गुलामगिरी संपल्यावर १८७० साली ते प्रथम आपल्या नावाने मोजले गेले. आजही तेथील काळ्या कुटुंबांचा शोध या १८७० च्या भिंतीशी येऊन अडतो. ज्याला माणूस मानले नाही त्याचे नाव कागदावर येत नाही, हा सर्वत्रचा नियम दिसतो.

तरीही कागद कधी कधी बोलतो. सातारच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. जो नुसते 'सकपाळ' शोधील त्याला बाबासाहेब त्या पानावर सापडणार नाहीत. म्हणून शोधणाऱ्याने आडनावाला चिकटून बसू नये. बापाचे नाव, गाव आणि साल यांची सांगड घालावी.

आता बापाच्या आक्षेपाकडे येऊ. त्याच्या भीतीत तथ्य आहे, कारण शोधाच्या वाटेवर तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा कुळाच्या अभिमानाचा. काहीच सापडले नाही की माणूस एखादा राजा किंवा सरदार आपला पूर्वज म्हणून उभा करतो. भगवान बुद्ध कपिलवस्तूला परत आले आणि भिक्षापात्र घेऊन दारोदार फिरू लागले, तेव्हा शुद्धोदन कळवळला, की आपल्या राजकुळात कोणी भीक मागितली नाही. भगवंतांनी उत्तर दिले, की ते कुळ तुमचे. माझा वंश बुद्धांचा. रक्ताच्या मोठेपणाला त्यांनी स्वतःच्या बापासमोर नकार दिला. मग आपण खोटा राजा कशाला शोधावा?

दुसरा खड्डा लपवण्याचा. हरवलेला माणूस तुरुंगात सापडेल, दारूत सापडेल, परगावी दुसरा संसार थाटलेला सापडेल. ते वहीतून वगळण्याचा मोह होईल.

तिसरा खड्डा गरजेचा. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या जातीचा रकाना आपण मनातून पुसला, त्याच रकान्यावरून आजा शोधावा लागतो. हा विरोधाभास कडू आहे, पण हक्कासाठी तो सोसावा. खोटा कागद मात्र करू नये. चौथे शील घेणाऱ्याला तिन्ही खड्ड्यांसाठी एकच नियम पुरे आहे: सापडले तसे लिहावे, सापडले नाही तेथे 'माहीत नाही' असे लिहावे.

एवढे सांभाळले तर मुलगा बरोबर आहे. श्राद्ध करणारा समजतो, की मेलेल्याला आपल्या अन्नाची गरज आहे. शोध घेणाऱ्याला ठाऊक असते, की जिवंत माणसाला सत्याची गरज आहे. 'तो कोण होता' यापाशी न थांबता 'तो का गेला' हे विचारा. भूक होती, कर्ज होते, वेठ होती, की मार होता? दुःख आहे आणि त्याला कारण आहे, हे तर आपल्याला तथागतांनीच शिकवले. कारण कळले की घराने शंभर वर्षे ज्याला 'पळपुटा' म्हटले, त्याच्याविषयी कदाचित करुणा उपजेल. कदाचित त्याचा दोष दोषच राहील. दोन्ही स्वीकारण्याची तयारी हवी.

आणि एक राहिलेच. तो गेला, म्हणून त्याच्या कथा झाल्या. जी मागे राहिली, जिने दुष्काळात दुसऱ्यांच्या शेतात राबून त्याची पोरे जगवली, तिचे नाव काय होते? आजीला विचारा, बहुधा तिलाही सांगता येणार नाही. कागदात ती 'जौजे' आहे. तो परगावी हरवला, ती आपल्या घरातच हरवली. शोध तिच्यापासून सुरू करा.

म्हणून या पौर्णिमेला एक साधी वही घ्या. घरातील सर्वात वयस्कर माणसाला मध्ये बसवा. प्रत्येकाचे जुने नाव, दीक्षेनंतरचे नवे नाव आणि गाव लिहा. लेकी-सुनांची नावे माहेरच्या नावासह लिहा. आज उकंड्याचा उत्तम झाला हे लिहिले नाही, तर उद्या आपली पणतवंडे आपल्यालाच शोधत फिरतील. म्हातारीच्या प्रश्नाला आपले उत्तर हेच असावे: पान मांडणार नाही, पण नाव घेऊ, आणि खरे तेच घेऊ.

जयभीम.