मत गावाला, घर उधन्याला

बसा. मोबाईल खिशात घाला. कोणी सांच्यावर (यंत्रमागावर) काम करता, कोणी कापडाचे दुकान टाकले, कोणाच्या दोन रिक्षा फिरतात. तुम्ही लेकराबाळांचे धनी झालात हे मला दिसते. तरी आज ऐकून घ्यावे लागेल.

तुमच्यातले चार जण परवा माझ्या ओट्यावर तक्रार घेऊन आले. सुरतेची हद्द वाढली, झोन फुटला, टीपी म्हणजे नगररचना योजना पडली, वेराबिल म्हणजे घरपट्टीचे बिल वाढले, "आणि सर, आम्हाला कोणी विचारलंच नाही." मी एवढेच विचारले, मतदार यादीत तुमचे नाव कुठे आहे? एकाचे अमळनेर तालुक्यात, एकाचे शिरपूरकडे, एकाचे तळोद्याला. चौथ्याला ते कुठे आहे हेच माहीत नव्हते. लग्न इथे झाले, पोरे इथल्या शाळेत शिकली, घर दिंडोलीत घेतले, आणि नाव अजून बापाच्या गावाला. मग सुरतेत तुम्हाला विचारायचे तरी कोणी?

सरपंचाची निवडणूक आली की उमेदवार गाडी पाठवतो, नाहीतर तुम्ही नंदुरबारची गाडी धरता आणि दोन दिवसांचा खाडा पाडून मत देऊन येता. तिथे ग्रामसभेत ग्रामसेवकाला उभे करून पाण्याच्या टाकीचा हिशेब मागता. मला त्याचा अभिमान आहे. पण त्या टाकीचे पाणी तुम्ही वर्षातून आठ दिवस पिता. उरलेले वर्षभर ज्या नळाचे पाणी तुमच्या पोरांच्या पोटात जाते, त्याच्याबद्दल तोंड उघडत नाही. दोन्हीकडे नाव ठेवून हुशारी करणाऱ्यांनीही कान उघडे ठेवा. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि यादीसाठी खोटे लिहून दिले तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

आता तुमच्या डोक्यावरून काय काय गेले ते ऐका. सुरत 1966 मध्ये महानगरपालिका झाली. 1994 च्या प्लेगने शहराची अब्रू गेली, लोक गाठोडी उचलून पळाले. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव आले. त्यांनी शहराचे सहा झोन केले आणि झोनच्या अधिकाऱ्यांच्या हाती अधिकार दिले, म्हणजे उधन्याच्या गटारासाठी मुगलीसराच्या मुख्य कचेरीत खेटे घालायला नकोत. 2006 मध्ये हद्द 112 चौरस किलोमीटरवरून 326 वर गेली. जून 2020 मध्ये सचिन, कनकपूर, कनसाड आणि दोन डझनांहून जास्त गावे आत आली, हद्द 460 च्या पुढे गेली. तेव्हा कोरोनाने निम्मे यंत्रमाग बंद होते आणि तुमच्यातले कितीतरी जण गावी अडकले होते, हे मी विसरलेलो नाही. पुढे उधना झोनचे ए आणि बी असे दोन भाग झाले. पण फेब्रुवारी 2021 मध्ये 30 प्रभागांतून 120 नगरसेवक निवडायचे होते तेव्हा तुम्ही इथेच होता. शहरातल्या निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिले. प्रत्येक मतदाराला चार मते होती. इथल्या यादीत नाव न चढवता ती चारही घालवून आता नगरसेवक फिरकत नाही म्हणता?

या बदलात खरे नुकसान झाले ते आत आलेल्या गावांचे, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. गावात शेतमजूरसुद्धा हात वर करून सरपंचाला जाब विचारू शकत होता. शहरात ती सभा नाही. 2011 च्या जनगणनेची 44 लाख 67 हजार वस्ती 30 प्रभागांत वाटली तरी एका प्रभागात सरासरी दीड लाख माणसे येतात, आणि त्यानंतर वस्ती वाढलीच आहे. दीड लाखांत एकट्याचा आवाज कुठे पोचणार? घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्या त्या याच कारणासाठी. आपल्या झोनमध्ये ती समिती आहे का, कधी बसते, तिचे इतिवृत्त कुठे मिळते, हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारले? माहितीच्या अर्जाला गुजरातमध्ये 20 रुपये लागतात. तेवढे तुम्ही पानटपरीवर रोज उडवता.

विचारले नाही म्हणता, तर विचारण्याच्या जागा कोणत्या ते ऐका. टीपीचा मसुदा जाहीर झाला की महिनाभर लेखी वांधा घेता येतो. तो महिना संपल्यावर, मोजणीवाले दारात उभे राहिल्यावर तुम्ही सोसायटीची मीटिंग बोलावता. नवी आकारणी आली की नोटिशीत हरकतीची मुदत छापलेली असते. तुमच्यातल्या एकाने ती नोटीस मला दाखवली. पाकीटसुद्धा फोडलेले नव्हते, आणि वरचे नाव जुन्या मालकाचे होते. घर स्टॅम्पपेपरवर घेतले, वेराबिलावर नाव चढवले नाही, म्हणजे पालिकेच्या दप्तरी हा माणूस त्या घरात राहतच नाही. जानेवारीच्या शेवटी आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात. त्याच्या आधी सोसायटीच्या लेटरहेडवर दोन ओळी पाठवल्या असत्या, आमच्या गल्लीत खाडीचे पाणी शिरते, पंपिंगची सोय करा, तर ती मागणी कागदावर तरी आली असती. तुम्ही पाणी शिरल्यावर व्हिडिओ काढता.

आणि "सर, आपला माणूस वर आहे" हे पुन्हा माझ्यासमोर बोलू नका. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीतून चार वेळा खासदार झाले, केंद्रात मंत्री झाले, आनंदच आहे. पण दिंडोलीच्या गटाराचा ठराव लोकसभेत होत नाही.

पालिकेलाही मी सोडणार नाही. एवढा मोठा फेरबदल करायचा आणि त्याची नोटीस गुजराती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात छापायची, हे लोकांना विचारणे नव्हे. उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान इथे मराठी, हिंदी, उडिया बोलणारी कामगार वस्ती आहे. नकाशा चौकात लावा, रात्रपाळीवाल्यांसाठी रविवारी बसा, त्यांच्या भाषेत सांगा. हे पालिकेचे कर्तव्य आहे. पण तिने ते पाळले नाही म्हणून तुमचे सुटत नाही.

शेजारची नवसारी 1 जानेवारी 2025 पासून महानगरपालिका झाली. तिच्यातल्या विजलपोरला तुमचे मामे-मावसभाऊ राहतात. तुमची हीच चूक ते उद्या करतील. त्यांना आजच फोन करा.

मुलींनो, तुम्ही मागे बसून हसू नका. प्रत्येक प्रभागातल्या चार जागांपैकी दोन बायकांसाठी राखीव आहेत, आणि तुमच्यातली एकही झोन कचेरीची पायरी चढलेली नाही. पाणी कधी येते, किती येते, हे घरात तुमच्याइतके कोणालाच कळत नाही. मग अर्ज नवऱ्याने का लिहायचा?

मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8 लागतो. रविवारी सकाळी मी फॉर्म घेऊन शाळेच्या ओट्यावर बसणार आहे. लाइटबिल किंवा नोंदवलेला भाडेकरार आणि जुने ओळखपत्र घेऊन या. बायकोला बरोबर आणा, तिचा फॉर्म वेगळा भरायचा आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पोरांनाही आणा, त्यांना फॉर्म 6 लागेल.