पातळी उतरली, मग गेलं कुठे?

मालवण, श्रावण

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

जुनी का होईना, पण स्वतःची गाडी घेतलीस, आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. आता चतुर्थीला बेळगावहून आंबोलीमार्गे स्वतः चालवत येणार म्हणतेस. जरूर ये. फक्त "गॅरेजवाला बघतो सगळं, मामा" हे तुझं म्हणणं मला पटलं नाही. गॅरेजवाला सर्व्हिसिंगच्या दिवशी बघतो. मधले महिने गाडी तुझ्याच हातात असते.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. बॉनेटखालची तेलं आणि कूलंट बंद जागेत असतात, ती उगाच कमी होत नाहीत. पातळी उतरलेली दिसली की नुसती भरून मोकळी होऊ नकोस. गेलं कुठे, हे शोध. गाडी रात्रभर उभी असते त्या जागी खाली पुठ्ठा टाकून ठेव. डाग कुठे पडला आणि कसला, त्यावरून मेकॅनिकचं अर्धं काम होतं. एसीचं पाणी ठिबकतं ते मात्र साधं पाणीच, त्याला घाबरू नकोस.

तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागी करायची. हँडब्रेक ओढलेला, किल्ली काढलेली, ओढणी आणि केस बांधलेले. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत अचानक सुरू होतो, म्हणून तिथे हात घालायचा नाही.

इंजिन ऑईलची डिपस्टिक बाहेर काढ, फडक्याने पूस, पूर्ण आत घाल, परत काढ आणि मग वाच. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच तेल नरसाळ्याने पाव लिटरच्या आत घाल, थोडं थांब, पुन्हा बघ. वरच्या खुणेच्या पलीकडे गेलं तर तेही वाईट. फिरत्या भागांनी तेल घुसळून फेस होतो आणि वंगण नीट पोचत नाही. डिझेल गाडीचं तेल लवकर काळं पडतं, त्यात काही बिघडलेलं नाही. पण तेल दुधाळ दिसलं तर त्यात कूलंट मिसळत असण्याची शक्यता आहे. मग गाडी सुरूच करू नकोस.

कूलंटची पातळी बाहेरच्या प्लॅस्टिकच्या टाकीवरच दिसते. गरम इंजिनावर तिचं किंवा रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, त्यामुळे शंभर अंशांच्या वर गेलं तरी ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळतं कूलंट तोंडावर उडतं. घाट चढताना तापमानाचा काटा लालकडे सरकला तर जागा बघून गाडी कडेला घे, इंजिन बंद कर आणि निदान अर्धा-पाऊण तास थांब. मागचे हॉर्न वाजवू देत. कूलंट मॅन्युअलप्रमाणेच घे, नुसता रंग जुळला म्हणून दुसऱ्या जातीचं मिसळू नकोस. आपल्या विहिरीचं पाणी तर नकोच. किनाऱ्यालगतच्या पाण्यात क्षार असतात, ते आतून थर धरतात आणि गंज आणतात. पातळ करायचं कूलंट असेल तर डिस्टिल वॉटर वापर. आणि सांडलेलं तसंच ठेवू नकोस. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. जुनं तेलही परसात ओतायचं नाही, आपल्या वाळूतून ते विहिरीतच उतरेल.

आता ब्रेक ऑईल. माझा जीव खरा इथे अडकलाय. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, ती अमेरिकेच्या वाहतूक खात्याची प्रतवारी. नव्या डॉट ४ ला किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळी येता कामा नये. पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. सपाटीवर फरक कळत नाही. पण आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे आणि तिथून दाणोलीपर्यंत उतारच. ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस तर ते तापतात, तेलात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाही, वाफ दबते. मग पॅडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, आणि पातळी पूर्ण दिसली तरी ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी बदलायचं.

त्याची पातळी हळूहळू उतरली तर ब्रेक पॅड झिजलेले असतात. झपाट्याने उतरली तर गळती आहे. दोन्ही वेळा "ऑईल घातलंय गे बाय, जा आता बिनघोर" म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, पॅड आणि नळ्या दाखव म्हण. पॅडल मऊ लागलं तर गाडी हलवूच नकोस. कधी स्वतः भरायची वेळ आली तर आधी झाकणाभोवतीची धूळ पूस, सीलबंद डबीच फोड, उरलेलं पुढच्या वर्षासाठी जपू नकोस. दुसरं कुठलंही तेल त्यात गेलं तर रबरी सील फुगतात. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धू, नाहीतर रंग उठतो.

काच धुण्याच्या टाकीत पाणी भरलेलं असू दे. झाकणावरचं चित्र बघूनच ओत, शेजारचीच टाकी कूलंटची असू शकते.

जुन्या मालकाला आजच फोन करून विचार, ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं. त्याला सांगता आलं नाही तर निघण्याआधी बेळगावातच बदलून घे. पैशांचं बघू आपण, आईला सांगू नकोस.

तुझा,
मामा