चेपलेला मडगार्ड

वडिलांची जुनी विलिस जीप मी शिवाजी उद्यमनगरात मिस्त्रींकडे नेली. मुंबईत महिंद्रांनी १९४९ साली जुळवायला घेतलेल्या जातीची. मिस्त्रींनी पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे चढवले, पाटे बदलून तिला उंच केले. चारही चाके ओढू लागली नि पन्हाळ्याच्या पायथ्याचा चिखल तिने रेड्यासारखा तुडवला! पण ही वडिलांचीच का? शरीर पालटले तरी माणूस तोच. त्याला आठवण असते. लोखंडाला कुठली?

जुना उरला एक डावा मडगार्ड. लहानपणी तो मीच भिंतीवर आदळून चेपवला होता. आजोबांपुढे वडिलांनी दोष स्वतःवर घेतला.

"मास्तर, ह्यो ठोकून सरळ करू काय?"

मी नुसता चेपेवर हात ठेवून उभा राहिलो.